रेवणाप्पाच्या मापाचा खड्डा

बंदच्या दिवशी माणसानं मुकाट घरात बसावं. रेवणाप्पानं एवढं एक पाळलं असतं, तर अख्ख्या मानवत गावानं त्याला जिवंतपणी हार घातला नसता.

पण घरात बसायचं कुणापाशी, हा खरा प्रश्न होता. मल्लम्मा, म्हणजे त्याची बायको, भावजयीच्या बाळंतपणाला माहेरी, चुडाव्याला जाऊन बारा दिवस झाले होते. मागं उरले दोघं. एक रेवणाप्पा, वय एक्कावन्न, दुकान बारदान-सुतळीचं. दुसरी चन्नी, वय सात.

चन्नीचं पूर्ण नाव चन्नबसम्मा. (आजीचं ठेवलेलं. पोरगी सात वर्षांची, नाव सत्तर वर्षांचं.) मल्लम्माच्या भावाची ही चौथी मुलगी. रेवणाप्पाच्या घरात वीस वर्षं पाळणा हलला नव्हता, म्हणून दिवाळी झाल्यावर दोघांनी तिला दत्तक आणलं. मल्लम्माशी तिची लगेच गट्टी जमली. रेवणाप्पाशी मात्र ती बोलत नव्हती, कोपऱ्यात बसून नुसती बघायची. रेवणाप्पाला गिऱ्हाइकाशी दिवसभर बोलता येई, पण बारदान न घेणाऱ्या माणसाशी काय बोलतात ते त्याला ठाऊक नव्हतं. शेजारची कमलबाई भाकरी आणून द्यायची, दोघं समोरासमोर बसून खायचे, आणि घरात फक्त चावण्याचा आवाज यायचा. एकटा माणूस निदान स्वतःशी बडबडतो. ही बघत असल्यामुळं त्याची तीही सोय गेली होती.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, महिन्याकाठी एखादा बंद ठरलेला. त्या दुपारी शेजारच्या दुकानातला शिंपी बन्सीधर दारात आला.

"अप्पा, घरात बसून काय अंडी उबवायलाव का? चला, व्हिडिओवर इंग्रजी पिच्चर लागलाय. पुढून शटर बंद, मागून पिच्चर चालू!"

"कशाचा हाय?"

"दत्तक पोरीचा. तुमच्याच घरातला समजा."

कौटुंबिक दिसतोय, चार आसवं गाळू, मन हलकं होईल, असं म्हणून रेवणाप्पानं चन्नीला कमलबाईकडं बसवलं आणि तो गेला.

पिच्चरमध्ये एक गोरा, एक गोरी आणि राजवाड्याएवढं घर. बन्सीधर कानात भाषांतर करत होता. (तो मॅट्रिकला तीनदा बसला आणि तीनदा इंग्रजीतच गेला. पण सांगायला लागला की साहेबानं याच्याकडं शिकवणी लावावी!)

"ही पोरगी आश्रमातून आनली. बोलत न्हाई, नुसती बघती."

रेवणाप्पा सावरून बसला.

"आता पोपट गेला."

"कुठं?"

"वर. थांबा, म्हातारी पन गेली. आता नवऱ्याचा नंबर हाय."

"आरं, पन त्यानं तिचं काय वाईट केलं?"

"काय न्हाई. दत्तक घेतलं."

पडद्यावरची पोरगी फावडं घेऊन बागेत उतरली आणि नेमकी लाईट गेली. अर्धा तास शिट्ट्या मारून लोक उठले. रेवणाप्पाचा जीव मात्र त्या नवऱ्यात अडकला.

"त्याचं पुढं काय झालं असंल रं?"

"काय व्हायचं? फावडं घेतल्यावर काय गुलाब लावती का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवणाप्पा अंगभर विभूती लावून, मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसला. डोळे मिटलेले. मध्येच डोक्याला काहीतरी टोचल्यासारखं वाटलं, म्हणून त्यानं एक डोळा उघडला. चन्नीच्या हातात सुतळी होती. सुतळीचं एक टोक जमिनीवर, दुसरं त्याच्या टाळूवर. तिनं बोटानं माप धरलं, गाठ मारली आणि काही न बोलता मागच्या दारानं निघून गेली.

आता दुसऱ्या कुणाला याचं काही वाटलं नसतं. पण रेवणाप्पा लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की आडवा निजवत नाहीत, बसवून समाधी देतात. बापाला आणि चुलत्याला त्यानं स्वतः असं बसवून माती दिली होती. बसल्या माणसाची उंची कशासाठी लागते, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पूजा कशीबशी उरकून तो परसात डोकावला. पेरूच्या झाडाखाली खड्डा होता. गोल, ताजा, मांडी घातलेल्या माणसाला बेताचा. काठावर खुरपं.

तो तडक बन्सीधरकडं गेला.

"माप घेतलं?" बन्सीधरनं कात्री खाली ठेवली. "मग अप्पा, खरं सांगू का? मी शिंपी हाय. माप घेतल्यावर काम लय दिस ठेवत न्हाईत."

झालं! दुपारी रेवणाप्पा घरी आला तो ठरवूनच. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून त्यानं चन्नीला सांगितलं, "कपडे भर. तीनच्या गाडीनं चुडाव्याला जायचंय."

"मला सोडायला?"

"...हां."

ती रडली नाही. तिनं दोन झगे आणि पाटी पिशवीत भरली, पिशवी दाराशी ठेवली आणि खुरपं घेऊन परसात गेली. रेवणाप्पा कवाडाच्या आडून बघू लागला. ती खड्ड्यात माती ढकलत होती.

"काय करायलीस?" त्यानं लांबूनच विचारलं.

"बुजवायले. कुनी पडंल."

"मग खनला कामून?"

तिनं खुरप्याची माती पुसली. मग म्हणाली, "घर करायले होते. वर बारदान बांधलंय. पन फांदी लय खाली हाय. माझं डोकं लागत न्हाई, तुमचं लागतंय. मनून जमीन खाली घ्यायले. तुमाला बसता यावं मनून."

रेवणाप्पानं वर पाहिलं. पेरूच्या फांदीला त्याच्याच दुकानातलं बारदान, त्याच्याच सुतळीनं बांधलेलं. खाली तीन खड्यांची चूल, आणि मांडलेली दोन पानं. दोनच. त्याला एकदम भरून आलं. बारा दिवस ही एवढीशी पोर एकटी खेळत होती, आणि आपण तिला हडळ ठरवून मोकळे झालो! या वयात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"बसून बघू का?" तो म्हणाला.

तो खड्ड्यात उतरला आणि मांडी घालून बसला. डोकं बारदानाला लागलं नाही. माप अगदी बरोबर होतं. फक्त तिनं उंची घेतली होती, घेर घेतला नव्हता. रेवणाप्पा बूच बसावं तसा बसला. हलता येईना. पाहुणा घरात आला म्हणून चन्नीनं त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. डोळ्यांतलं पाणी पोरीला दिसू नये म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले.

आणि तेवढ्यात कमलबाई भाकरी घेऊन परसात आली. समोर रेवणाप्पा. खड्ड्यात, मांडी घातलेला, कपाळाला विभूती, गळ्यात हार, डोळे मिटलेले. शेजारी खुरपं घेतलेली चन्नी.

"आगं माय माय माय! अप्पा गेले की वो! अन् लेकरानं एकटीनं समाधी द्यायला घेतली!"

रेवणाप्पा ओरडला, पण कमलबाईच्या गळ्यापुढं मेलेल्याचंच काय, जिवंत माणसाचंही कुणी ऐकत नसे. गल्ली लोटली. बन्सीधर देवळातला हार घेऊन धावत आला, तो हार रेवणाप्पाच्या गळ्यात घालून हुंदके द्यायला लागला, "मी सांगितलं होतं, लय दिस ठेवत न्हाईत!" कुणीतरी सायकलवर टांग टाकून चुडाव्याला तार करायलाही गेलं.

"आरं बन्स्या, जिता हाय मी! रडू नको, ओढ!"

चौघांनी बगलेत धरून त्याला उपसला. मग स्वतः पोस्टात जाऊन त्याला दुसरी तार करावी लागली, 'मेलो नाही. काळजी नसावी.' तीनची गाडी तेवढ्यात निघून गेली होती.

तो परत आला तेव्हा दाराशी पिशवी तशीच होती आणि परसात चन्नी एकटी चुलीपुढं बसली होती. त्यानं पिशवी उचलून आत खुंटीला अडकवली, आणि येऊन खड्ड्याच्या काठावर बसला. (आत नाही. एकदा झालं तेवढं पुरे.)

"काय खेळायलाव आपन?"

"घर-घर."

"तू कोन?"

"माय."

"अन् मी? बाप ना?"

चन्नीनं नाही अशी मान हलवली. "तुमी दत्तक आनलेलं लेकरू. बोलत न्हाई, नुसतं बघत बसतंय. मला तर लय भ्या वाटतंय त्याचं."

रेवणाप्पा जरा जवळ सरकला. "मग? परत नेऊन सोडनार का त्याला?"

"असं कुठं असतंय का?" तिनं त्याच्या पानावर मातीची भाकरी वाढली. "एकदा आनलं की सोडत नसतेत. होईल त्याला सवय."

रेवणाप्पानं खाली मान घालून भाकरी उचलली आणि तोंडापाशी नेऊन खाल्ल्यासारखं केलं.

"लबाडी न्हाई करायची," चन्नी म्हणाली. "सगळी संपव."