सरासरी ठणठणीत

वरिष्ठ कार्यालयाचं परिपत्रक आलं, तेव्हा हेडक्लार्कच्या तोंडात लोण्यात तळलेला बटाटा होता. परिपत्रकाचा मान राखून त्यांनी तो आधी गिळला आणि मग वाचलं : 'प्रत्येक कार्यालयाने आपले कोलेस्टेरॉल विहित मर्यादेत आणावे. कसूर झाल्यास कॅन्टीन बंद करण्यात येईल.'

कार्यालयावर शोककळा पसरली. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी सगळ्यांचं रक्त काढलं गेलं. हेडक्लार्कचा अहवाल पाहून डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"भाऊसाहेब, ही चरबी अंगाला थोडी हवीच असते. पण तुमच्याकडे ती कायमची मुक्कामाला आलीय. रक्तवाहिन्या आतून लिंपत बसते, लिंपत बसते, आणि वाट बुजेपर्यंत हूं की चूं करत नाही."

"पण मला दुखत तर काहीच नाही."

"तेच तर म्हणतेय मी!"

हेडक्लार्कना घर आठवलं. त्यांची नात नुकती बोबडं बोलू लागली होती. दिवा, भूभू, चप्पल असं सगळं म्हणून झालं होतं, फक्त 'आबा' राहिलं होतं. ते ऐकल्याशिवाय त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

साहेबांनी मात्र परिपत्रक उन्हात धरून पुन्हा वाचलं. "यात कार्यालयाचं कोलेस्टेरॉल म्हटलंय. माणसांचा उल्लेख कुठे आहे? सरासरी काढा!"

सरासरी काढली आणि कार्यालय केसभर फरकाने पास झालं. ही सगळी पुण्याई टपालताईची. टपाल घेऊन मजल्यामजल्यावर भिरभिरणारी ही बाई, वाऱ्याने उचलावी इतकी हलकी. तिच्या रक्ताने सगळ्यांचं लोणी पोटात घातलं.

"अगं, मी मर्यादेत आलो!" हेडक्लार्कनी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

"शर्टाचं बटण तर तसं म्हणत नाही."

"कार्यालय म्हणून आलो."

"असं होय! मग जिन्यात धाप लागते ती कार्यालयाला, की तुम्हाला?"

"तुला प्रशासन कळत नाही," हेडक्लार्क म्हणाले आणि निश्चिंत मनाने पावाला लोणी फासू लागले.

आता टपालताई म्हणजे कार्यालयाची मालमत्ता झाली. लिफ्टवर पाटी लागली : 'टपालताईंना मनाई.' तिचा जेवणाचा डबा साहेब स्वतः हुंगून पाहत. कॅन्टीनमध्ये कुणी तळलेलं मागवलं, की त्याच्या वाटणीचा जिना टपालताईने चढायचा, असा ठराव एकमताने झाला. टपालताईचं मत विचारायचं राहून गेलं. हेडक्लार्क प्रेमळ होते, बटाट्याची दुसरी बशी मागवताना ते आवर्जून म्हणत, "ताई, सावकाश चढा हं. मला घाई नाही."

ती चढायची आणि चढता चढता गुणगुणायची :

*चढते बाई जिना, जिना कुणाच्या नावाचा,*
*खाई कुणी लोणी, घाम माझ्या ग जिवाचा.*

आणि एका दुपारी टपालताई कॅन्टीनमध्ये येऊन बसली. "मला केक द्या. वर साय घाला. भरपूर."

चमचे हवेतच थांबले. "ताई, संस्थेचा विचार करा!" साहेब ओरडले. टपालताईने विचार केला, बशी उचलली आणि जिन्याकडे धूम ठोकली. तिच्यामागे धावायचं कुणी? सेवाज्येष्ठतेनुसार हेडक्लार्कनी.

अर्ध्या जिन्यात त्यांच्या छातीवर कुणी तरी कपाट ठेवलं. ते मटकन खाली बसले. वर पावलं थबकली, बशी ठेवल्याचा आवाज आला आणि टपालताई धावत खाली आली. तिने त्यांची कॉलर सैल केली.

"भाऊसाहेब, काय होतंय?"

"काही... नाही. सरासरी... मर्यादेत आहे."

"अहो, सरासरीला छाती नसते!" ती रडवेली होऊन म्हणाली. "दुखेल ती तुमचीच."

रुग्णवाहिका आली, बायको धावत आली. साहेबांनी तिला धीर दिला : "वहिनी, आम्ही ही कळ सगळ्यांत वाटून घेऊ. प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येईल."

"घ्या की," ती म्हणाली. "आधी कोण घेतंय?"

सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

डॉक्टरांनी बुजलेली वाट मोकळी केली. हेडक्लार्क घरी आले, तेव्हा नातीने त्यांना डोळे भरून पाहिलं, विचार केला आणि म्हणाली, "आबा." त्या एका शब्दावर त्यांनी लोण्याचा डबा कायमचा बंद केला. गोळी वेळेवर, पालेभाजी ताटभर, पहाटे बायकोबरोबर चालणं. त्यांचं रक्त हळूहळू निवळलं.

कार्यालयात आनंदीआनंद झाला. सरासरी एवढी उतरली, की कॅन्टीनने तळणाची दुसरी कढई चढवली. साहेबांनी हेडक्लार्कना फोन केला : "भाऊसाहेब, चालत राहा. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत. बसलो आहोत, पण पाठीशी आहोत."

तुम्ही हसलात? हसा. तुमच्याही घरातलं कुणी तरी रोज चालायला जात असेलच. आज बाहेर पडताना तुम्ही त्यांना हाक मारलीत ना, की येताना काही तरी गरमागरम तळलेलं घेऊन या?