घोट्याएवढ्या पाण्यातली होडी

आमच्या शेजारचे सकपाळ नाना लग्नाला निघाले की त्यांच्या एका खिशात आहेराचं पाकीट असतं आणि दुसऱ्या खिशात गवंड्याची लेव्हलपट्टी. मंगलाष्टकं चालू असतात, लोक अक्षता टाकत असतात आणि नाना हॉलच्या दारातल्या उतारावर उकिडवे बसून पट्टीतला बुडबुडा बघत असतात. माझ्या पुतणीच्या लग्नात व्याही धावत गेले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. नाना शांतपणे म्हणाले, "याला उतार म्हणत नाहीत. ही नुसती समजूत आहे."

हे वेड त्यांना होडीपायी लागलं. आणि होडी कशापायी, ते कुणालाच कळत नव्हतं. नाना मूळचे कुडपणचे, म्हणजे पोलादपूरच्याही वरचे, पक्के डोंगरातले. सारी नोकरी महाडच्या कोर्टात बेलीफ म्हणून झाली. लोकांच्या दारात जाऊन समन्स बजावायचं काम. पोहता येत नाही. अंघोळीलासुद्धा बादली अर्धीच भरून घेतात, असं शालूकाकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, सांगतात. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर फायबरची जुनी होडी आणि ती वाहून न्यायला दोन चाकांचा ट्रेलर आणून गल्लीत उभा केला.

आता पुराची धास्ती घेतलेल्या महाडात होडी बाहेर दिसली की लोक काय समजणार? नानांनी पहिल्यांदा ती धुवायला काढली तेव्हा समोरच्या किराणावाल्याने साखरेची पोती माडीवर चढवली. तो चढवतोय म्हणून त्याच्या शेजाऱ्याने फ्रीज चढवला. आभाळात तेव्हा एक ढग नव्हता. तेव्हापासून नाना होडी धुवायच्या आधी गल्लीत घरोघर सांगून येतात.

या सगळ्यात मी ओढली गेले ती माझ्या पिकअपमुळे. माझी रोपवाटिका आहे, कलमं पोचवायला जुनी पिकअप ठेवलीय. तिच्यामागे ट्रेलर अडकवायचा आकडा आहे, हे माझ्याआधी नानांनी हेरलं. "अलका गो, जरा दासगावपर्यंत," असं म्हणाले आणि मी फसले.

दासगावला सावित्रीच्या खाडीकाठी आम्ही होडी उतरवायला गेलो तो उतार फारच सपाट. ट्रेलर मागे नेला, आणखी नेला, तरी होडी तरंगेना. शेवटी ती तरंगायच्या बेताला आली तेव्हा पिकअपची मागची चाकं पाण्यात होती आणि सायलेन्सर गुडगुडत होता. इंजिन बंद पडलं. दोन रिक्षावाल्यांनी आम्हाला ओढून काढलं. नाना म्हणाले, "होडी उतरते हे तत्त्वतः मान्य. आता ट्रेलर दुरुस्त करायचा."

दुसऱ्याच दिवसापासून ते वेल्डिंगवाल्या अन्वरच्या दुकानात मुक्कामाला. आधी ट्रेलरचा दांडा लांब केला, म्हणजे ट्रेलर पाण्यात आणि पिकअप कोरड्यात. दासगावला तो चालला असता, पण तिथवर पोचलाच नाही. आमच्या गल्लीच्या वळणावर असा अडकला की भाजीवाल्यांना टोपल्या उचलाव्या लागल्या. मग दांडा सरकता केला, पाइपात पाइप आणि मध्ये पिन. पिन लावायची नाना विसरले. मी बाजारपेठेतून ऐटीत पिकअप काढली आणि ट्रेलर मागे राहिला तो राहिलाच. नाना त्याच्या शेजारी उभे राहून रहदारीला हात दाखवत होते.

शालूकाकी हे सगळं ओट्यावरच्या खुर्चीतून बघत. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. खुर्ची ते अंथरूण एवढाच प्रवास. "न्हाणीतला नळ गळतोय तो बघा आधी," एवढंच त्या बोलायच्या. मग माझ्याकडे वळून सांगायच्या, की हे कोर्टात होते तेव्हा निदान जेवायच्या वेळेला घरी यायचे.

शेवटी जमलं. ट्रेलरच्या मधोमध बिजागरी बसवली आणि वर रबरी रोलर. पिन काढली की होडीखालचा सांगाडा मागे कलायचा आणि होडी घोट्याएवढ्या पाण्यात आपसूक घसरायची. दासगावला ती पहिल्या खेपेला उतरली तेव्हा अन्वरने स्वतःहून चहा सांगितला. मला वाटलं, सुटले.

पण नानांनी ट्रेलर पुन्हा दुकानात नेला. सांगाडा इतका खाली आणला, की कोरड्यात मागे कलवला तर होडीचा काठ खुर्चीच्या उंचीला यावा. आत पाठीची फळीही बसवली. मी विचारलं, हे कशाला? "पक्षकाराच्या सोयीसाठी." कोण पक्षकार? नाना म्हणाले, "अजून समन्स बजावलेलं नाही."

रविवारी सकाळी त्यांनी काकींना माझ्या शेजारी पिकअपमध्ये बसवलं. भावाकडे जाऊ, एवढंच सांगितलं होतं. काकींचं माहेर दासगाव, ते मला माहीत होतं. त्यांचे वडील पूल व्हायच्या आधी तिथे 'तर' चालवायचे, म्हणजे लोकांना होडीतून पैलतीरी न्यायचे, आणि लग्न होईपर्यंत वल्हं काकींच्याही हातात असायचं, हे मला त्या उतारावर उभी असताना कळलं.

होडी बघून काकींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाल्या, "माझ्यानं चढवणार नाय."

"चढायचं नाय," नाना म्हणाले. कोर्टाची भाषा कुठच्या कुठे गेली होती. "काठावर बसायचं न पाय आत घ्यायचे."

काकी बसल्या. नानांनी एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, लाइफ जॅकेटचे बंद बांधले. ट्रेलरवरच्या हातचरखीने सांगाडा सरळ करून मी ट्रेलर हळूहळू मागे घेतला. पिन निघाली, होडी पाण्यावर गेली. नाना होडीला बांधलेल्या दोरीचं टोक धरून गुडघाभर पाण्यात उभे राहिले, चपलांसकट.

काकींनी वल्हं हातात घेऊन जरा तोललं. दोन-चार हात मारले तशी दोरी ताणली.

"दोरी सोडा," काकी म्हणाल्या.

नाना सोडेनात. काकींनी वल्हं पाण्याबाहेर काढून धरलं. मग नानांनी दोरी सोडली.

होडी धारेच्या मध्यापर्यंत गेली. तिथे काकींनी वल्हं आडवं ठेवलं आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. नानांची नजर ढळली नाही. मी काही बोलले तेही त्यांना ऐकू गेलं नसावं. मग होडी वळली आणि सावकाश परत आली, अगदी त्यांच्या हाताशी.

"पाय भिजले काय गो?" नानांनी विचारलं.

"नाय." काकींनी वल्ह्याचं पाणी निथळलं. "उद्या भरती कितीला हाय?"

नानांना महिनाभराच्या भरत्या तोंडपाठ. त्या दिवशी मात्र ते दोरी हाताला गुंडाळत माझ्याकडे बघत राहिले. वेळ मीच सांगितली, त्यांच्याकडूनच ऐकून पाठ झालेली.