बत्तीस विनोदांची तपासणी

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका कंपनीत नंदकिशोर गोठोस्कर वीस वर्षं माल तपासत आले होते. चलनावरची एकेक वस्तू ट्रकमधून उतरताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. घरी बायकोने कोथिंबीर आणली तरी ते जुडी सोडून बघत. अशा माणसाकडे कंपनीच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचं काम देणं ही मालकांची चूकच; पण मालकांना हे सांगणार कोण?

गेल्या वर्षी गोठोस्करांनी आणलेला गायक मधेच पाणी प्यायला आणि गाणं तसंच चालू राहिलं. तेव्हा मालक बाजीरावशेठ एवढंच म्हणाले होते, "गोठोस्कर, पुन्हा असं झालं तर तुमी परत वजनकाट्यावर." वजनकाटा म्हणजे पत्र्याची केबिन, धूळ आणि दिवसभर ट्रकचे हॉर्न. आता ऑफिसातल्या एसीला सरावलेल्या गोठोस्करांना नुसत्या कल्पनेनेच खोकला आला.

यंदा एचआरच्या क्षिप्राने खारघरचा सौरभ नावाचा विनोदवीर शोधून काढला.

"सर, एकटा उभा राहतो आणि तासभर हसवतो."

"वाद्यं?"

"काही नाही. फक्त बोलतो."

"मग फसवणार कशात?" गोठोस्करांना तर हेच जास्त संशयास्पद वाटलं.

त्यांनी गुरुवारी सौरभला ऑफिसात बोलावलं. "आधी माल दाखवा. सगळा."

"सर, जोक आधी ऐकले की नंतर मजा नाही येत."

"ज्यांचा माल खराब असतो ना, ते सगळे असंच बोलतात."

सौरभने निमूटपणे बत्तीस विनोदांची यादी काढून दिली. गोठोस्करांनी अख्खा स्टाफ मीटिंग रूममध्ये गोळा केला, कारण एकट्याच्या हसण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःच्या तर मुळीच नाही. लोक हसले की ते यादीवर टिक करत.

"थांबा! ह्या जोकमधली बायको कोणाची?"

"कोणाची नाही सर. काल्पनिक आहे."

"मग तिचं नाव वैजयंती कसं? शेठच्या मिसेसचं नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

सौरभने घाबरून नाव बदललं. स्टाफ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, बत्तीसच्या बत्तीस टिक झाल्या आणि गोठोस्कर त्या रात्री गाढ झोपले.

शनिवारी सानपाड्याच्या हॉलमध्ये सौरभने पहिला विनोद सांगितला आणि कोणीच हसलं नाही. स्टाफने तो ऐकलेला होता. शिवाय सगळ्यांनी तो घरी जाऊन सांगितला होता, त्यामुळे बायकापोरांनाही पाठ होता. दुसऱ्या विनोदाचा शेवट तर कोणाच्या तरी मुलीने सौरभच्या आधीच सांगून टाकला. बाजीरावशेठ मागे वळून कोणी हसतंय का ते बघत होते.

नक्कीच माल बदलला, गोठोस्करांनी ताडलं. त्यांनी खिशातून यादी काढली. पण माल तर तोच होता! तेवढ्यात घामाघूम झालेल्या सौरभने आठव्यावरून एकदम दहाव्यावर उडी मारली.

"एक मिनिट!" गोठोस्कर उभे राहिले. "नववा राहिला."

"सर, तो सोडला मी. कोणी हसतच नाहीये."

"हसणं हा वेगळा विषय. यादीत बत्तीस आहेत, बत्तीस उतरले पाहिजेत."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. गोठोस्कर गर्रकन वळले. "कोण हसलं? अजून त्याने जोक सांगितला नाहीये!"

हॉलभर हशा उसळला. सौरभ हुशार होता. "सर, तुम्ही वरच या. मोजून घ्या."

गोठोस्कर पेन घेऊन खरोखरच स्टेजवर गेले. "हा गुरुवारी लांब होता. मधली सासू कुठे गेली?" असं ते मनापासून विचारत होते आणि लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते.

कार्यक्रम संपल्यावर बाजीरावशेठ डोळे पुशीत आले. आपली शोभा झाली एवढंच गोठोस्करांना कळलं होतं. वजनकाट्याची धूळ आत्ताच घशात गेल्यासारखी त्यांना वाटत होती.

"गोठोस्कर, खरं सांगा. तुमचं दोघांचं आधीच संगनमत होतं ना?"

पुरवठादाराशी संगनमत! वीस वर्षांत हा आळ त्यांच्यावर कोणी घेतला नव्हता. नाही म्हणावं तर कार्यक्रम बिघडवल्याबद्दल काटा, हो म्हणावं तर अब्रू.

"हो शेठ," ते पुटपुटले.

"वाटलंच मला!" शेठनी खूश होऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या वर्षीपण असंच करा."