समुद्र आटल्याचा ठराव

कोणतेही साहस पूर्वतयारीशिवाय करू नये, आणि पूर्वतयारी नीट केली तर साहस करण्याची गरज उरत नाही. या तत्त्वावर सांगलीचे आमचे सागरसहल मंडळ एकोणीस वर्षे टिकून होते. समुद्रकाठच्या राखीव रानात पायी हिंडणे, सायकल चालवणे आणि खाडीत होडी वल्हवणे ही मंडळाची उद्दिष्टे. संस्थापक माझे वडील, विष्णुपंत. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता (घटनेत तशी अट नव्हती).

सराव मात्र चोख असे. हिंडण्याचा सराव गणपतीच्या देवळाभोवती, चपला काढून. सायकलीचा उतारावर, सायकल हातात धरून. वल्हवण्याचा सराव ऐन चैत्रात कृष्णेत, कारण तेव्हा काठाशी पाणी गुडघाभर असते आणि बुडणाऱ्यांचे प्रमाण शून्यावर राहते. त्यासाठी वडिलांनी बाभळीचे वल्हे करवून घेतले होते. ते उचलता उचलताच सभासद दमत, त्यामुळे अपघात झाला नाही.

गेल्या श्रावणात वडील गेले. आदल्या दिवशी म्हणाले, "उमे, एकदा तरी ते वल्हं खाऱ्या पाण्याला लाव." मी हो म्हटले. एरवी आमच्या घरात कशालाही आधी चर्चा लागते.

मंडळाने दुखवट्याचा ठराव केला आणि त्या भरात १९४६ च्या जानेवारीत सहल खरोखरच निघाली. अकरा सभासद, चार सायकली, एक स्टोव्ह, लाडवांचे दोन डबे आणि कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. मी चिटणीस. रानात काटे फार, म्हणून टायर जपण्यासाठी सायकली खांद्यावरून नेल्या. (सायकलसहल पूर्ण, अशी नोंद केली.)

अकराला खाडीवर पोचलो. समोर लांबवर चिखल, त्यावर कलंडलेली होडी आणि खेकडे. अध्यक्ष गंगाधरराव यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"आवं उमाताई, समिंदर कुटं गेला?" कवठे महांकाळचे आप्पासो म्हणाले.

"ओहोटी हाय," होडीवाला म्हणाला. "दोनला होडी तरंगंल. थांबा वायच."

"गप रं गड्या! आमच्या वड्याचं पानी एकदा गेलं की मिरगाबिगार येत न्हाई. आन् तुजं पानी घड्याळ बघून येतंय व्हय?"

मुद्दा बिनतोड होता. पाणी गेलेले अकराही जणांना समोर दिसत होते. परत येताना पाहिलेला एकटा होडीवाला, आणि तो सभासद नव्हता. ठराव मांडला गेला: चालू साली समुद्र आटला असून पावसाळ्यानंतर पुनर्विचार व्हावा.

भरती-ओहोटीवर मी तीन पुस्तके वाचली आहेत. एकात चंद्राच्या आकृत्याही आहेत.

"चिटणीस, तुमचं काय म्हणणं?" गंगाधररावांनी विचारले.

वल्हे माझ्या खांद्यावर होते. वडिलांचे एवढे एकच काम उरले होते. ते झाले असते तर त्यांचे म्हणून करायचे काहीच राहिले नसते.

"अनुमोदन," मी म्हणाले.

लाडू खाऊन मोटार दीडला निघाली. वळणावरून मी मागे पाहिले. होडी सरळ उभी राहू लागली होती. ही नोंद इतिवृत्तात नाही.

वल्हे आता दारामागे असते. दर शनिवारी मी त्याला तेल लावते. पुनर्विचाराची तारीख अजून ठरायची आहे.

दोन वाजेपर्यंत थांबायला काय झाले होते, असे सुज्ञ वाचक विचारतील. त्यांनी आपल्या घरी दारामागे एकदा हात घालून पाहावा. जे हाताला लागेल, तेच मंडळाच्या सभासदत्वाचे प्रमाणपत्र समजावे. वेगळा अर्ज नको.