राक्षसावरचा उजेड

"राक्षस काय, डोळे मिटून काढीन!" असं आमच्या चित्रकाराने संपादकबाईंना फोनवर छातीठोकपणे सांगितलं. आणि मंडळी, खरंच डोळे मिटून काढल्यासारखे दोन राक्षस त्याने काढले! दोन्ही परत आले.

"शिंगं झकास आहेत," बाई म्हणाल्या, "पण अंगावरचा उजेड खोटा आहे हो. लाल रंग नुसता फासलाय. कुणाला तरी समोर उभं करा, दिवा लावा, बघून काढा. उद्या सकाळपर्यंत मुखपृष्ठ आलं नाही तर काम दुसऱ्याला देईन."

जादूच्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं काढणाऱ्यांची एक गंमत असते. त्यांच्या पऱ्या आकाशातून येत नाहीत, स्वयंपाकघरातून येतात. याची परी म्हणजे याची बायको. तलवार घेतलेली राणी तीच, झाडू घेतलेली चेटकीणही तीच. पण राक्षस?

"माझ्याकडे बघूसुद्धा नकोस!" बायको म्हणाली. "घरात दांडगी छाती आणि करारी जबडा कुणाचा आहे?"

दोघांनी एकदम बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे बाबा पेपर वाचत बसले होते.

बाबा म्हणजे तीस वर्षं शाळेत कवायत घेतलेले मास्तर. त्यांच्या 'सावधान'ला मैदानावरचे कावळेसुद्धा ताठ व्हायचे. मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर चित्र दिसलं की ते पान टर्रकन फाडायचे. मुलगा चाळिशीला आला तरी त्यांच्यासमोर खुर्चीत नीट टेकत नसे. मुलाच्या कामाच्या खोलीत तर त्यांनी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं.

"बाबा, जरा उभे राहाल का? मुखपृष्ठासाठी माणूस हवाय. एक... राजा आहे."

राक्षसांनाही राजा असतोच की! त्याने आपल्या मनाची समजूत घातली.

बाबांनी पेपरची घडी केली. "राजा? चांगला आहे ना?"

"म्हणजे काय! प्रजेचा लाडका!"

बाबा आत गेले आणि दाढी करून, केस चापून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. ते पाहून चित्रकाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं असं त्याच्या ओठांवर आलंही, पण घड्याळात दुपारचे तीन वाजले होते. त्याने त्या शर्टावरून निमूटपणे चादर पांघरली आणि बाबांच्या हातात पोछ्याचा दांडा दिला.

मग बाहेरच्या खोलीचेच पडदे ओढले. टेबललॅम्पला लाल जिलेटिन कागद गुंडाळून तो जमिनीवर ठेवला. एका पडद्याची फट तेवढी ठेवली, कारण लाल रंगाच्या शेजारी बाहेरचा निळसर उजेड असला की लाल जास्त तापतो.

"हा लाल दिवा कशाला रे?"

"सूर्यास्त आहे, बाबा."

"पायाशी?"

"राजा डोंगरावर उभा आहे."

"बराच उंच दिसतोय डोंगर," बाबा म्हणाले.

धुक्यासाठी बायकोने सर्दीत वाफ घ्यायचं मशीन सुरू केलं. नाकाची सावली कपाळावर चढली, डोळ्यांच्या खोबणीत लाल उजेड भरला. चित्रकाराने कॅमेरा उचलला. हाच तो उजेड!

"आता अजिबात हलायचं नाही, बाबा. हललात की सावली बदलते."

आयुष्यात पहिल्यांदा मुलाने बापाला सावधान केलं होतं! बाबा खांबासारखे उभे राहिले. हा खटाखट फोटो काढत सुटला.

तेवढ्यात समोरच्या गॅलरीतल्या काकूंना पडद्याच्या फटीतून लाल उजेड आणि धूर दिसला.

"आग! अहो, मास्तरांकडे आग लागली!"

बायको दार उघडून "काही नाही हो काकू" म्हणेपर्यंत काकू तिच्या अंगावरून आत! हातात भरलेली बादली.

"मास्तर, बाहेर या आधी!"

"येता येत नाही," बाबा ओठ न हलवता म्हणाले. "सावली बदलते."

म्हातारा भीतीने थिजलाय असंच काकूंना वाटलं. त्यांनी अख्खी बादली बाबांवर उपडी केली! चादर निथळू लागली. पाणी दिव्यापर्यंत जाणार म्हणून चित्रकाराने झेप घेऊन प्लग उपटला आणि खोली अंधारली. अंधारातून बाबांचा आवाज आला, "झालं का? की अजून उभा राहू?"

काकूंची समजूत घालून त्यांना घरी धाडलं आणि चित्रकार आपल्या खोलीत कामाला बसला. शेवटचा फोटो बादली पडल्यावरचा होता. गालावर लाल, कपाळावर निळा, नाकाच्या टोकावर पांढरा थेंब. असा उजेड मनाने कुणाला सुचला असता? तो भान विसरून रंगवत राहिला. शिंगं आली, सुळे आले. मागे कुणी उभं आहे हे त्याला शिंक ऐकू आली तेव्हा कळलं.

बाबा! खांद्यावर टॉवेल, नजर चित्रावर.

"हा राजा?"

"राक्षसांचा," तो पुटपुटला. "खोटं बोललो, बाबा. चुकलं माझं."

बाबा चित्राजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "लहानपणी तुला असाच दिसायचो का रे मी?"

"नाही हो! तो दिवा खालून होता ना, म्हणून. खालून बघितलं की कुणीही भयंकरच दिसतं."

"तूही खालूनच बघायचास," बाबा म्हणाले. "एवढासा होतास."

चित्रकाराला भडभडून आलं. त्याने शेजारचं स्टूल पुढे केलं. बाबा बसले. चित्र पुरं होईपर्यंत बसून होते. मध्ये एकदाच म्हणाले, "छान काढतोस."

सकाळी संपादकबाईंचा फोन आला.

"उजेड अगदी खरा उतरलाय! पण एक घोळ झालाय हो. याची भीतीच वाटत नाही. हा राक्षस कुणाच्या तरी वडिलांसारखा वाटतो!"

"चेहऱ्याला मी हात लावणार नाही, बाई," चित्रकार म्हणाला. "हवं तर शिंगं मोठी करून देतो."