समोरून व्हॅन, मागून ओम्नी

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला उचलून न्यायचं, हा बेत खुशालराव मोहोडांनी अत्यंत सात्त्विक मनानं आखला होता. जिल्हा परिषदेतून रिटायर झाल्यापासून त्यांना बेत आखण्याखेरीज उद्योग नव्हता, आणि आखलेला प्रत्येक बेत दुर्गाबाई फोडणी तडतडायच्या आत मोडीत काढत. म्हणून या वेळी बेत त्यांच्यापासूनच लपवायचा होता.

सत्त्याऐंशी साली अकोल्याहून दुर्गाबाई नवरी होऊन मोझरीला आल्या, त्या खुशालरावांच्या मामाच्या कोऱ्या पांढऱ्या मारुती व्हॅनमधून. आता तशाच व्हॅनमधून, डोळ्यांवर पट्टी बांधून, त्यांना अमरावतीहून मोझरीच्या शेतातल्या घरी न्यायचं. तिथे मुलगी अपेक्षा रोडगे आणि वांग्याची भाजी करून नातेवाईक जमवून बसणार. पट्टी सुटणार, समोर तीच गाडी, आणि दुर्गाबाईंच्या डोळ्यांत पाणी. हे पाणी खुशालरावांना रोज दुपारी डुलकीच्या आधी स्पष्ट दिसायचं.

अडचण एकच होती. तशी गाडी कुठे मिळेना. शोधत शोधत ते अकोल्यात चंद्रभान मिस्तरीच्या गॅरेजात पोचले. चंद्रभाननं एक पांढरी गाडी दाखवली.

"हे तं नवी हाय," खुशालराव म्हणाले.

"नवी कशी? हे मॉडेलच बंद पडलं, भाऊ. आता बनत नाई."

"आमच्या लग्नातली अशी नव्हती. तिचं तोंड येगळं होतं."

चंद्रभाननं हात पुसले आणि टायरवर बसून घेतलं. "आयका. पह्यले हिचं नाव नुसतं व्हॅन होतं. म्हंजे पोट्ट्याचं नाव पोट्टंच ठेवल्यासारखं. मंग नाव पडलं ओम्नी. तवा तोंडावर कायीकुट्ट जाळी, साधे दिवे, बम्पर म्हंजे लोखंडाची पट्टी. मंग अठ्ठ्यान्नवच्या आसपास तोंड बदललं, दिवे टप्पोरे झाले. पुढं आनखी एक डाव मेकप केला. पन डब्बा? डब्बा थोच! दार आजबी थसंच सर्रकन सरकते. मानसाचंबी असंच हाय, भाऊ. तोंड बदलते, डब्बा थोच रायते."

"मले जुनं तोंड पाह्यजे."

"लावून देतो. भंगारात एक जुनी पडून हाय. पन तिचा मांगचा भाग ट्रकनं खाल्ला. मांगून हे ओम्नीच राहीन."

"अन् हे बाजूचं दार?"

"थे शायेच्या गाडीचं हाय. रंग मारतो."

रंग मारला, पण खालचा शाळेचा पिवळा हट्टानं वर आलाच, आणि त्यावरची 'विद्यार्थी वाहतूक' ही अक्षरं ऊन पडलं की भुतासारखी दिसू लागत. चंद्रभाननं सल्ला दिला, "फोटो समोरून काढजा."

ठरलेल्या दिवशी सकाळी गाडी अमरावतीच्या साईनगरात भजनी मंडळाच्या सभागृहाबाहेर उभी राहिली. चालवायला चंद्रभानच होता, कारण या गाडीचा दुसरा गिअर फक्त त्याचंच ऐकत असे. एप्रिलचं ऊन, म्हणून त्यानं साऱ्या वऱ्हाडासारखा दुपट्टा तोंडाला गुंडाळला होता. नुसते डोळे उघडे. मागच्या सीटवर खुशालराव दुसरा दुपट्टा हातात घेऊन दबा धरून बसले होते. आवाज ओळखू येईल म्हणून तोंडातून शब्द काढायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. आजवर बायका-माणसं पळवून नेण्याचं काम सिनेमावाल्यांनी याच गाडीला का दिलं, याचा त्यांनी विचार केला असता तर पुढचं टळलं असतं.

दुर्गाबाई टाळांची पिशवी घेऊन बाहेर आल्या. दार सर्रकन सरकलं. आतून दोन हात आले, डोळ्यांवर दुपट्टा पडला, आणि दुर्गाबाई टाळांसकट आत गेल्या.

"अवं माय! अवं प्राजक्ता! नेलं वं मले!"

गाडी सुटली. भजनी मंडळानं जो सूर लावला तो इतक्या वर्षांत कधी लागला नव्हता. पोलिसांना फोन गेले. शेजारची प्राजक्ता गाडीच्या समोर होती, तिनं छातीठोक सांगितलं, "जुनी व्हॅन, कायी जाळी." कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्यानं मागून पाहिली होती, तो म्हणाला, "ओम्नी हाय, मी वाचलं ना!" आणि पलीकडच्या फुटपाथवरचे एक पेन्शनर गुरुजी म्हणाले, "छे! शाळेची गाडी आहे. मी शिक्षक आहे, मला कळतं." तिघांपैकी कोणी हटेना. शेवटी कंट्रोलरूमनं तिघांचंही खरं मानलं आणि वायरलेसवर सांगितलं, की तीन गाड्यांची टोळी नागपूर रोडनं निघाली आहे.

गाडीत दुर्गाबाईंनी आधी टाळांचे दोन फटके अंदाजानं मारले. एक सीटला लागला, एक खुशालरावांच्या गुडघ्याला. त्यांनी ओठ चावून सोसलं. मग दुर्गाबाईंनी पवित्रा बदलला.

"भाऊ, तुमी चुकले. तुमाले कोन्तरी चुकीची पार्टी सांगतली. माह्या घरच्यायजवळ काई नाई."

पुढून चंद्रभान फक्त "हूं" म्हणाला.

"खरं सांगतो. पेन्शन येते थे औषधीत अन् खर्र्यात जाते. खर्रा सोडला म्हन्तात, पन गच्चीवर जाऊन खातात. त्याइले वाटते, मले मालूम नाई."

खुशालरावांच्या तोंडात त्या क्षणी तंबाखू-सुपारीचा तो खर्राच होता. तो त्यांनी गिळला.

"मांगं कुलर लावला, तं हवा शेजाऱ्याच्या घरात. नळ दुरुस्त केला, तं भित पाडली. रात्री असे घोरतात का बाजूच्या बिल्डिंगीतले लोकं इचारतात, कुत्रं कवा पाळलं म्हनून. अशा मानसाकून तुमाले काय भेटन, बापा?"

चंद्रभानच्या दुपट्ट्याच्या आतून विचित्र आवाज येऊ लागले. गाडी डावी-उजवीकडे झोके घेऊ लागली. खुशालरावांनी त्याच्या सीटला लाथ घातली.

"अन् पैसे मागसान तं थे म्हन्तीन, पह्यले अर्ज द्या. पाहा लावून फोन. उचलनारच नाईत. सात जन्मात उचलला नाई."

तेवढ्यात खुशालरावांच्या खिशात फोन वाजला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो पहिल्याच रिंगला उचलला.

"काका!" प्राजक्ता साऱ्या गाडीला ऐकू जाईल इतकी ओरडली. "घाबरू नका, पन काकूले उचलून नेलं!"

"हो," खुशालराव म्हणाले. "म्हंजे... अरे बापा!"

दुर्गाबाईंनी डोळ्यांवरची पट्टी स्वतःच ओढून काढली. खुशालरावांना त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं, ते पाणी नव्हतं.

"वाढदिवस हाय ना वं आज आपला," ते कसेबसे म्हणाले. "हे पाय, गाडी. लग्नातली. या मिस्तरीकून बनवून घेतली, तुले खुशी व्हावी म्हनून..."

पुढं काही बोलायची गरज पडली नाही, कारण नांदगाव पेठच्या नाक्यावर पोलिसांनी बॅरिकेड आडवं टाकलं होतं. हवालदार सूर्यभान काठी घेऊन पुढे आला.

"बाईले कोनं उचललं?"

"मी," खुशालराव खाली उतरत म्हणाले. "म्हंजे बायको हाय माही."

"कबूल केलं, लिहून घे," सूर्यभाननं शिपायाला सांगितलं. "आता बाकीच्या दोन गाड्या कोठी हायेत, थे सांगा."

"कोनत्या दोन?"

"एक जुनी व्हॅन, एक ओम्नी, एक शायेची. तीन गाड्या हायेत तुमच्या टोळीत."

खुशालरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी हवालदाराचा हात धरला. "साहेब, तिन्ही हेच हाय! समोर या. हे पाहा, जुनी व्हॅन. आता मांगं चाला. ओम्नी, वाचा. आता बाजूनं, उनात पाहा, दिसते का विद्यार्थी वाहतूक?"

सूर्यभाननं गाडीला एक प्रदक्षिणा घातली. मग उलट बाजूनं दुसरी घातली. त्याचा चेहरा गंभीर झाला.

"म्हंजे तीन गाड्या चोरून एक बनवली?"

चंद्रभान पुढच्या सीटवर हळूच खाली सरकला.

खुशालरावांनी घाम पुसत अपेक्षाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अपेक्षानं सगळं ऐकलं. "हो साहेब, बाबाच आहेत ते. काई टोळी नाई. पन आईले पह्यले पाठवा, रोडगे थंडे होऊन राहिले."

"ओळख पटली, पन साहेब येतवर मले कोनाले सोडता येत नाई," सूर्यभान म्हणाला. "वायरलेस झाला हाय."

दुर्गाबाई आता गाडीतून उतरल्या. पदर सारखा केला.

"हवालदारभाऊ, उचललेली बाई मीच ना?"

"हो, बाई."

"मले तीन गाड्यायनं नेलं, असं तुमच्या वायरलेसवर हाय ना?"

"हाय."

"हे तं एकच हाय. म्हंजे थ्या तीनमधली नाई, हे चौथी हाय. मंग हिले काहून अडवता?"

सूर्यभाननं शिपायाला बॅरिकेड बाजूला घ्यायची खूण केली. नोकरीत त्यानं पुष्कळ वकील पाहिले होते, असा एकही नाही. "अन् हे?" त्यानं खुशालरावांकडे काठी केली.

दुर्गाबाईंनी नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, भाजी घेताना वांगं पाहतात तसं. "यायनं तं कबूल केलं ना? मंग ठेवा. साहेब येतवर ठेवा. चाल रे मिस्तरी, मोझरीले."

"अवं दुर्गे!"

दुर्गाबाई चंद्रभानच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसल्या. गाडी निघून गेली.

दुपारभर खुशालराव चौकीच्या बाकावर बसले. मोबाइलवर मोझरीहून फोटो येत होते. गाडीसमोर दुर्गाबाई, दोघांसाठी आणलेले दोन्ही हार त्यांच्याच गळ्यात. दुर्गाबाई केक कापताना. दुर्गाबाई चंद्रभानला आग्रह करकरून वाढताना. फोटो समोरून काढलेले, त्यामुळे गाडी अगदी हुबेहूब सत्त्याऐंशीची दिसत होती. चार वाजता साहेब आले. खुशालरावांनी त्यांना तीन गाड्यांची एक गाडी समजावून सांगितली. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ती गाडी कुठे आहे?"

"गेली, साहेब."

"मग बसा."

ऊन कलल्यावर व्हॅन परत आली. साहेब तिच्याभोवती फिरले, आणि मागच्या बाजूला पोचेपर्यंत त्यांची टोपी हसण्यानं हलायला लागली. "बाई, हे तुमचेच ना?"

"माहेच हायेत," दुर्गाबाई म्हणाल्या. "गॅरंटी संपली हाय, पन माहेच."

त्यांनी डबा उघडला. चार रोडगे, वर तुपाची धार, वांग्याची झणझणीत भाजी. खुशालरावांनी बाकावर बसूनच खाल्लं, खाली मान घालून. मग ते गाडीत मागं जाऊन बसले. यावेळी दुर्गाबाईही त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. नांदगाव मागं पडलं.

"दुर्गे," ते हळूच म्हणाले, "सकाळी तू जे बोलली, रस्त्यानं... थे सारं खरं होय काय?"

"कोनतं?"

"थेच. कुलर, नळ, सारं."

दुर्गाबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "तुमाले नाई समजत. भाव पाडून राहिली होती मी. नवरा कामाचा हाय म्हटलं असतं, तं त्यायनं किती मांगतलं असतं?"

खुशालरावांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत बायकोनं त्यांची अशी किंमत कधी केली नव्हती. ते सीटला टेकले, डोळे मिटले, आणि गाडी अमरावतीच्या राजकमल चौकात पोचायच्या आत मोठ्यानं घोरू लागले.

चंद्रभाननं आरशातून मागं पाहिलं. "बाई, हेबी भाव पाडाले सांगतलं होतं काय?"

"नाई रे," दुर्गाबाई म्हणाल्या. "हे खरं होतं."