भाऊसाहेबांचे निळे वर्तुळ

सत्यनारायणाच्या पूजेत संकल्प चालू असताना यजमानाच्या तळहातावरचे पाणी रोखून धरायला लावणारा एकच मनुष्य मी पाहिला. आमचे इंदिरानगरचे शेजारी, निवृत्त मोजणीदार भाऊसाहेब बोरस्ते.

"थांबा, गुरुजी!" मोबाइलवरचा नकाशा माझ्यापुढे धरीत ते गरजले. "तुम्ही गोदावरीचं उत्तर तीर म्हणालात. हा निळा टिपका बघा. आपण दक्षिणेला आहोत!"

पंचवटीतले घर सोडून मला सहा वर्षे झाली होती. जीभ मात्र अजून पलीकडच्या काठावरच राहत होती. इतके संकल्प चुकीच्या पत्त्यावर गेले, या जाणिवेने मी वरमलो. 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' असे पुन्हा म्हटले, तेव्हा "आता चतुःसीमा जुळली" असा शेरा देऊन त्यांनी पाणी सोडू दिले.

चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चारी बाजूंच्या हद्दी, हा त्यांचा जपमंत्र. पाहुण्याचा पत्तासुद्धा ते "चतुःसीमा बोला" असाच विचारीत. रोज सकाळी ते फोन घेऊन कॉलनीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर निश्चल उभे राहत आणि टिपका खऱ्या जागेपासून किती पावले भरकटला, ते वहीत टिपून ठेवीत.

"भाऊसाहेब, लय मोजता तुम्ही! माझी गाडी सातबाऱ्यावर चढवता का काय?" भाजीवाल्या सखूबाई विचारीत.

"आधी गाडी हद्दीत घ्या. चाक रस्त्यावर आलंय!"

फोनला आपली जागा कळते तरी कशी, असे मी एकदा विचारले.

"आम्ही हद्दीच्या दगडांवरून मोजायचो, गुरुजी. याचे दगड आभाळात फिरतात. निदान चार उपग्रहांची हाक ऐकायची. कोणती पोचायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढायचं. उंच इमारतींत हाक भिंतीवर आपटून येते, मग टिपका फसतो. तेव्हा मोबाइलचे मनोरे अन् घराघरांतलं वायफाय साक्षीला येतात."

"आणि भोवतीचे हे फिकट वर्तुळ?"

"तो त्याचा प्रामाणिकपणा. 'मी याच्या आत कुठंतरी असेन, नेमकं ठाऊक नाही.' असं लेखी देणारा मोजणीदार आमच्या खात्यात झाला नाही. मी धरून!"

या उद्योगाला मी कित्येक दिवस निवृत्तीचा विरंगुळा समजत होतो.

एके सकाळी आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो असता फोनकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. "गुरुजी, चला."

त्यांच्या पत्नी कमलताई फुले आणायला गेल्या होत्या. वर्षभर त्यांची स्मृती विरत चालली होती. नातलग म्हणत, घराबाहेर पाठवू नका. भाऊसाहेबांनी ते ऐकले नाही. कमलताईंच्या पिशवीत एक फोन ठेवला आणि त्याचा टिपका आपल्या फोनवर घेतला. आज तो टिपका दोन उंच इमारतींमध्ये थबकला होता आणि भोवतीचे वर्तुळ पसरले होते.

आम्ही तेथे पोहोचलो. कोणीही नव्हते. मी मनात रामरक्षा सुरू केली. भाऊसाहेबांनी वही उघडली.

"या भिंतीपाशी टिपका चाळीस पावलं पूर्वेला सरकतो," असे म्हणून ते पश्चिमेकडे पावले मोजीत निघाले. अडतिसाव्या पावलाला मंगल कार्यालयामागचा बाक दिसला. त्यावर मांडीवर पिशवी घेऊन कमलताई शांत बसल्या होत्या.

मला वाटले, आता हे रागावतील. तोच कमलताई मला म्हणाल्या, "बरं झालं गुरुजी, यांना घेऊन आलात. हल्ली यांना वाटा सापडत नाहीत. म्हणून मी इथून हललेच नाही."

भाऊसाहेबांनी वही हळूच खिशात सारली. "खरंय गं. चुकलोच होतो."

संकल्पातली माझी चूक भर मंडपात दाखविणारा हाच तो मनुष्य! त्याचा शेजारी म्हणून माझी मान त्या क्षणी ताठ झाली.

परतताना कमलताई पुढे होत्या. प्रत्येक वळणाआधी भाऊसाहेब विचारीत, "इथून उजवीकडेच ना गं?" नाहीतर "आता डावीकडेच ना?"

"एवढंही आठवत नाही?" असे म्हणत त्या ऐटीत तिकडे वळत.